जिन्यातला बल्ब, बाबांचं स्टूल आणि सगळ्या घराचा उजेड

हे सगळं सुरू झालं ते जिन्यातल्या बल्बमुळे. आमच्या जिन्याच्या वळणावर बऱ्याच उंचीवर एक होल्डर आहे, तिथे वर्षानुवर्षं ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब असायचा आणि तो दर सहा-सात महिन्यांनी जायचा. गेला की स्टूल, स्टुलावर बाबा आणि खाली स्टूल धरून आई. एकदा मी घरी नसताना त्यांनी असाच बल्ब बदलला, बल्ब बसला पण उतरताना बाबांचा पाय सरकला, कठड्याला हात लागला म्हणून थोडक्यात निभावलं, तरी मनगट महिनाभर दुखत होतं. बाबा ७४ वर्षांचे आहेत. मी घरी आले तेव्हा जिन्यात लख्ख उजेड होता आणि बाबा मनगटाला बर्फ लावून बसले होते, आणि मला म्हणाले अगं काही नाही झालं, बल्ब तर लागला ना. मला इतकं वाईट वाटलं ना तेव्हा. मग ठरवलं की या जिन्यात असा बल्ब लावायचा की परत कित्येक वर्षं तिथे कुणाला चढावंच लागू नये.

म्हणजे बघा, माझ्या डोक्यात सुरुवातीला वीज वाचवणं वगैरे नव्हतंच, टिकाऊपणा एवढाच विचार होता. वीज नंतर आली, आणि ती आली तेव्हा मग मी घरातला एकेक दिवा बघायला लागले.

आधी मला हे समजून घ्यायचं होतं की तो बल्ब इतक्या वेळा का जातो, मला वाटायचं आमच्या वायरिंगमध्येच काहीतरी गडबड आहे. पण साध्या तारेच्या बल्बचं आयुष्यच मुळात साधारण १००० तासांचं असतं. जिन्यातला दिवा रोज पाच तास लागतो म्हणजे २०० दिवस, म्हणजे साडेसहा महिने. आमचा बल्ब अगदी वेळेवर जात होता! आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते तेव्हा ती उजेड देते, त्या उष्णतेत तिचा धातू हळूहळू उडत राहतो, तार पातळ होत जाते आणि एके दिवशी स्विच लावला की टप्पकन तुटते. ती तार कमी तापवली तर बल्ब खूप टिकतो पण मग उजेडही तेवढाच मिणमिणता होतो. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर म्हणून गाव आहे तिथल्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून पेटतोय, त्याचं खूप कौतुक होतं, पण तो आज जेमतेम चार वॅटचा उजेड देतो, त्याच्याखाली बसून वाचता नाही यायचं. आणि हेही वाचलं की १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी आपसात ठरवून हा आकडा १००० तासांवर आणून ठेवला होता, त्याआधी त्याहून जास्त चालणारे बल्ब मिळायचे. हे वाचून मला खरंच राग आला, कारण त्या हजार तासांचा अर्थ आमच्या घरात वर्षातून दोनदा बाबा स्टुलावर असा होता.

तर जिन्यात एलईडी लावला. ९ वॅटचा. आणि तिथे मी पहिली गोष्ट शिकले ती अशी की खोक्यावर वॅट बघायचे नाहीत, लुमेन बघायचे. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो, लुमेन म्हणजे तो उजेड किती देतो. तारेच्या बल्बच्या काळात आपल्याला वॅटवरून उजेड ओळखायची सवय लागली, चाळीसचा म्हणजे मंद, साठचा म्हणजे बरा, शंभरचा म्हणजे लख्ख, पण ती सवय आता उपयोगाची नाही. जुना साठचा बल्ब सातशे-आठशे लुमेन द्यायचा, ९ वॅटचा बरा एलईडी आठशेच्या पुढे देतो. आणि दोन कंपन्यांचे ९ वॅटचे बल्ब शेजारी ठेवले तर एकावर ८०० आणि एकावर ९०० लिहिलेलं सापडतं, म्हणजे तेवढ्याच विजेत एक जास्त उजेड देतोय. एखाद्या खोक्यावर लुमेन लिहिलेलेच नसतील तर मी तो बल्ब घेतच नाही.

बल्ब लावला आणि त्याच्या पांढऱ्या अंगावर, बुडाजवळ, परमनंट मार्करने तारीख लिहिली. ही सवय मी सगळ्यांना सांगते. टिकला किती हे आपल्याला लक्षात राहत नाही, आणि बल्ब आधीच गेला तर वॉरंटीत बदलून घेताना खरेदीची पावती आणि ही तारीख दोन्ही उपयोगी पडतात. मी पावतीचा फोटोच काढून ठेवते कारण कागदावरची शाई वर्षभरात पुसट होते.

मग आली वही. एका रविवारी मी आणि माझी लेक, आम्ही घरभर फिरलो आणि प्रत्येक दिव्याचे वॅट आणि तो रोज साधारण किती तास लागतो ते लिहून काढलं. हॉलमध्ये दोन जुन्या ट्यूबलाइट, किचनमध्ये एक, आमच्या बेडरूममध्ये साठचा बल्ब, आईबाबांच्या खोलीत २० वॅटचा सीएफएल (वळवलेल्या बारीक ट्यूबचा बल्ब असतो ना तो), बाथरूममध्ये चाळीसचा, बाल्कनीत १५ चा सीएफएल, पॅसेजमध्ये रात्रभर लागणारा झिरोचा बल्ब, स्टोअररूममध्ये साठचा. जिना पण लिहिला, जुन्या बल्बसकट, म्हणजे आधीचं किती आणि नंतरचं किती ते कळावं म्हणून.

लेक म्हणाली आई हे सगळं खरं कशावरून, खोक्यावर काहीही लिहितील. बरोबर होतं तिचं. मग आम्ही मीटरवर मोजलं, आणि हा प्रयोग मला इतका आवडला की तुम्हीही करून बघा असं मी मनापासून सांगते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा लुकलुकणार, आमच्यावर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा दहा-पंधरा मिनिटं, राऊटर, टीव्हीची पिन, सगळं, आणि लाल दिवा थांबल्याची खात्री केली. मग फक्त एक बल्ब लावायचा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. ३२०० वाल्या मीटरसाठी हिशोब सोपा आहे, ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट. साठच्या बल्बला जवळपास १९ सेकंद आले, बरोब्बर. जिन्यातल्या नव्या एलईडीला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद लागले, म्हणजे ९ वॅट, तेही खरं. पण हॉलची एक ट्यूबलाइट लावली तेव्हा २१-२२ सेकंद आले, म्हणजे ५२ वॅट! ट्यूबवर तर ४० लिहिलंय. वरचे बारा वॅट कुठे गेले? तर ते तिच्या पट्टीत बसलेला जुना चोक खात होता, तांब्याच्या वेटोळ्याचा जड चोक असतो ना तो, हात लावला तर चांगला गरम लागायचा. ट्यूबलाइट कमी वीज खाते असं घरात सगळेच समजत होतो, आणि तारेच्या बल्बपेक्षा ती खातेच कमी, पण चोकचा हिशोब कुणी धरलाच नव्हता.

दुसरा धक्का झिरोच्या बल्बचा. नाव झिरो, पण मीटरवर ७५ सेकंदाला एक लुकलुक, म्हणजे १५ वॅट. आणि तो रात्री आठ तास लागतो. वर्षाचे ४३-४४ युनिट नुसत्या त्या एका मिणमिणत्या दिव्याचे! उलट स्टोअररूममधला साठचा बल्ब, जो मला सगळ्यात आधी काढून टाकावासा वाटत होता, तो दिवसातून मोजून पाच मिनिटं लागतो, त्याचे वर्षाचे युनिट दोनसुद्धा होत नाहीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बल्ब किती वॅटचा यापेक्षा तो किती तास लागतो हे आधी बघायला हवं. मी जो एका फटक्यात सगळ्या घराचे बल्ब बदलायचा बेत केला होता तो तिथेच रद्द केला, आणि तासांप्रमाणे क्रम लावला. स्टोअररूम सगळ्यात शेवटी. चालू असलेले चांगले सीएफएल पण नाही काढले, ते आपोआप जातील तेव्हा बदलू, कारण एलईडी आणि सीएफएलमध्ये फरक आहे पण तारेच्या बल्बइतका मोठा नाही, आणि चालता दिवा कचऱ्यात टाकणं माझ्या मनाला पटत नाही.

हॉलच्या ट्यूबलाइटचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, कारण तिथे दोन रस्ते होते. एक, जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची. दुसरा, पट्टी चोक स्टार्टर सगळं काढून अख्खी नवीन एलईडी पट्टी लावायची. पहिला रस्ता सोपा दिसतो पण त्यात मेख आहे. काही एलईडी ट्यूब जुन्या चोकसकट चालतात पण मग चोक आपला वाटा खातच राहतो, आणि काहींना चोक आणि स्टार्टर काढून थेट फेज-न्यूट्रल (करंट आणणारी आणि परत नेणारी वायर) द्यावं लागतं, त्यातही काहींना दोन्ही एकाच टोकाला तर काहींना एकेक टोकाला, खोक्यावर चित्र असतं ते बघूनच जोडायचं. आणि एकदा अशी वायरिंग बदलली की उद्या कुणी त्याच पट्टीत चुकून जुनी ट्यूब बसवली तर धोका. आमचे इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, ताई, पट्टीच गंजलीये, होल्डरचे कान ढिले झालेत, नवीन पट्टी लावा आणि मोकळ्या व्हा. त्यांचं ऐकलं. २० वॅटच्या दोन पट्ट्या हॉलमध्ये आणि एक किचनमध्ये. कागदावर जुन्या ट्यूबचे लुमेन नव्यापेक्षा जास्त दिसतात म्हणून मला जरा शंका होती, पण ट्यूब उजेड चहूकडे फेकते, त्यातला निम्मा पट्टीकडे आणि छताकडे जातो, एलईडी पट्टी सगळा खाली खोलीत देते. आमच्या ट्यूब म्हाताऱ्या पण झाल्या होत्या, टोकं काळी पडलेली. नवीन लावल्यावर आईने किचनच्या कट्ट्याकडे बघितलं आणि ताबडतोब फडकं घेऊन कोपरे पुसायला लागली, इतका फरक पडला. आणि चोकची ती घुंईघुंई बंद झाली, तेव्हा कळलं की इतकी वर्षं घरात तो आवाज होता.

रंगाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. जिन्यातला पांढराशुभ्र बल्ब छान वाटला म्हणून मी तसेच दोन आणून एक आमच्या बेडरूममध्ये लावला. ६५०० केल्विनचा, त्याला कूल डेलाइट म्हणतात. पहिल्याच रात्री खोली दवाखान्यासारखी वाटायला लागली, लेक म्हणाली इथे बसवत नाही, आणि मला पण अकरा वाजले तरी डोळ्याला झोप नाही. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा, जितका लहान तितका पिवळसर. जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास असायचा. रात्री उशिरापर्यंत निळसर उजेडात बसलं की शरीराला अजून दिवसच आहे असं वाटतं आणि झोप लांबते, हे मी नंतर वाचलं पण त्याआधी तीन रात्री अनुभवलं. मग बेडरूमला २७०० चा वॉर्म व्हाइट, किचनला आणि हॉलला ४००० चा मधला रंग, आणि तो जास्तीचा ६५०० चा बल्ब जिन्यासाठी राखून ठेवला. बाल्कनीतला सीएफएल गेला की तिथेही पिवळसरच लावणार आहे, पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी.

बेडरूममध्येच अजून एक गोष्ट झाली जी सांगायलाच हवी कारण ती सुरक्षिततेची आहे. स्विच बंद केल्यावर नवीन बल्ब पूर्ण विझायचा नाही, अंधारात बघितलं तर आतून अगदी फिकट चमकत राहायचा. आधी वाटलं बल्ब खराब आहे, दुसरा लावला, तोही तसाच. लेकीला तर आवडलं ते, झिरोचा बल्ब लावायला नको म्हणाली. मी काकांना बोलावलं. त्यांनी आधी सांगितलं की स्विचमध्ये बारीक इंडिकेटर असेल तर त्यातून थोडा करंट जात राहतो, तारेच्या बल्बला तो पुरत नाही पण एलईडीला चमकायला पुरतो, तसं असेल तर काळजीचं काही नाही. आमच्या स्विचला इंडिकेटर नव्हता. मग त्यांनी स्विच बंद ठेवून होल्डरमध्ये टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. म्हणजे काय तर स्विच फेजवर असायला हवा तो न्यूट्रलवर लागलेला होता, कुणीतरी कधीतरी वायर उलट्या जोडल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं आम्ही स्विच बंद केला, आता काही होत नाही असं समजून बल्ब बदलत होतो आणि होल्डरमध्ये फेज जिवंत होती! माझ्या अंगावर काटा आला. दहा मिनिटांत त्यांनी वायर बदलल्या, चमकणं थांबलं. त्या दिवशी त्यांच्याकडून घरातले सगळे पॉइंट तपासून घेतले, अजून एक बाथरूमचा तसाच निघाला. तेव्हापासून घरात नियम केलाय, बल्ब बदलायचा तर नुसता स्विच नाही, त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा खटका, खाली, हात कोरडे, आणि स्टूल नाही, शिडीच.

बाथरूमवरून आठवलं. तिथे काचेचा बंद गोल डोम आहे, त्यात ९ वॅटचा एलईडी लावला होता आणि तो आठ महिन्यांत गेला. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं, मी लावलेल्या तारखेवरून हिशोब केला तर चारशे तासही झाले नव्हते. मला खूप वाईट वाटलं कारण मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आता वर्षानुवर्षं बघायला नको. बल्ब घेऊन काकांकडे गेले तर त्यांनी पांढरी टोपी उघडून दाखवलं, आत गोल पट्टीवर पिवळ्या टिकल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर काळा ठिपका. या टिकल्या एकामागे एक जोडलेल्या असतात म्हणून एक गेली की सगळा बल्ब अंधारात. आणि ती गेली उष्णतेने. मला वाटायचं एलईडी गारच असतो. पण तसं नाही, तारेचा बल्ब आपली उष्णता किरणांनी बाहेर फेकतो म्हणून त्याच्याखाली ऊब लागते, एलईडी तसं फेकत नाही, त्याची उष्णता टिकल्यांच्या मागे साठते आणि बल्बच्या अंगातून, बुडाकडून हवेत जावी लागते. बंद डोममध्ये हवाच खेळत नाही. टिकल्यांसोबत खाली जो ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज टिकल्यांना चालेल अशी करून देणारा भाग असतो, त्यातला कपॅसिटर तर उष्णतेने फारच लवकर म्हातारा होतो, तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. म्हणजे एलईडीचं आयुष्य खोक्यावर लिहिलेलं असतं पण ठरतं ते तो कुठे बसवलाय यावर. आता तिथे ५ वॅटचा लावलाय, खोक्यावर बंद फिटिंगसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेला, आणि तो व्यवस्थित चालू आहे.

त्या २५,००० तासांबद्दल पण थोडं. तो आकडा म्हणजे बल्ब बंद पडायची वेळ असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. खरं तर एलईडी तुटून जात नाही तर झिजत झिजत मंद होत जातो, आणि उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. रोज पाच तास धरले तर तेरा-चौदा वर्षं होतात. पण हे टिकल्यांचं, ड्रायव्हर त्याआधी गेला तर गेला. म्हणून मी आता बल्ब हातात घेऊन वजन पण बघते, मागचं अंग जरा दणकट, धातू असलेलं असेल तर उष्णता बाहेर पडायला बरं. आणि लावल्यावर मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरते, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना जोरात दिसले तर तो बल्ब आतून मिचमिचतोय, आपल्या डोळ्याला दिसत नसलं तरी काहींचं त्याने डोकं दुखतं. असा एक बल्ब मी परत केला.

एलईडीतले लाल दिवे १९६२ पासून आहेत, रेडिओवर घड्याळावर असायचे तसले, पण त्यातून घर उजळायला इतकी वर्षं का लागली याचं उत्तर मला माझ्या लेकीने सांगितलं. पांढरा उजेड करायला निळा एलईडी लागतो, त्याच्यावर पिवळा लेप दिला की पांढरा दिसतो, बल्बमधल्या त्या टिकल्या पिवळ्या दिसतात त्या त्याच लेपामुळे. आणि तो निळाच कुणाला नीट जमत नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी तो जमवला आणि २०१४ मध्ये त्याबद्दल तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाथरूमचा उघडलेला बल्ब तिने शाळेत नेला होता दाखवायला.

आता बाबांच्या वाचनाचं, जे माझ्या दृष्टीने या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं. बाबांना पेपर वाचताना उजेड पुरायचा नाही, सारखं म्हणायचे त्या खोलीत मोठा बल्ब लाव. माझा पहिला विचार १८ किंवा २० वॅटचा एलईडी छताला लावायचा होता. मग विचार केला की छतावरून पेपर किती लांब, आणि दिवा जवळ आणला तर? अंतर निम्मं केलं की त्याच दिव्याचा उजेड पानावर चौपट पडतो. वय वाढलं की बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना अंधारासारखा असतो, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. म्हणून त्यांच्या खुर्चीशेजारी वाकवता येणारा दिवा ठेवला, ५ वॅटचा बल्ब, ४००० केल्विन, आणि सीआरआय ९० वाला. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बऱ्याच साध्या बल्बचा ८० असतो, त्यात गडद निळा आणि काळा चटकन वेगळे ओळखू येत नाहीत, आईचं कपाटापुढचं नेहमीचं गाऱ्हाणं. पहिल्या संध्याकाळी बाबांनी दिवा लावला, पेपर उघडला, आणि पाचेक मिनिटांनी म्हणाले, अगं ही बारीक अक्षरं पण लागतायत. ५ वॅटमध्ये! छताला वीस वॅट लावूनही हे झालं नसतं.

तो दिवा घेताना डिमरवाला, म्हणजे उजेड कमी-जास्त करता येणारा, घेऊ का असा मोह झाला होता, पण नाही घेतला, कारण हॉलमध्ये जुना डिमर असलेला एक कोपऱ्यातला दिवा आहे आणि त्यावर साधा एलईडी लावला तर तो कमी केल्यावर फडफडायला लागला. डिमरवर फक्त डिमेबल लिहिलेलाच बल्ब चालतो आणि काही वेळा जुना डिमर पण बदलावा लागतो. आम्ही तो डिमर काढून साधा स्विच बसवला, वापरतच नव्हतं कुणी.

मधेच आईबाबांच्या खोलीतला सीएफएल फुटला, काढताना आईच्या हातून पडला. त्यात अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, पण पारा असतो, ट्यूबलाइटमध्येही असतो. आई लगेच झाडू घ्यायला निघाली, मी थांबवलं. सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, पंखा बंद, खिडकी दहा मिनिटं उघडी, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा केले, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचलली, ओल्या कागदाने पुसून सगळं झाकणाच्या बरणीत. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर नाही वापरायचा, त्याने ते हवेत पसरतं. जुन्या तिन्ही ट्यूब आणि ती बरणी मी ई-कचरा घेतात तिथे नेऊन दिली, रोजच्या कचऱ्यात नाही टाकली, कारण कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताखाली ते फुटणार.

हिशोब सांगते. वहीतल्या आकड्यांप्रमाणे आधी दिव्यांचे महिन्याला साधारण ४४ युनिट व्हायचे, आता १४ च्या आत. एकट्या हॉलच्या दोन पट्ट्यांनी जवळजवळ दहा वाचवले, जिन्याने साडेसात, झिरोच्या जागी लावलेल्या अर्ध्या वॅटच्या दिव्याने साडेतीन. बिल मात्र काही अर्ध्यावर आलं नाही, कुणाला तशी अपेक्षा असेल तर आधीच सांगते, कारण घरात फ्रिज आहे, पंखे आहेत, पाणी तापवायचं असतं, दिवे हा त्यातला एक भाग. पहिल्या महिन्याचं बिल बघून तर मी हिरमुसले होते, युनिट जवळपास तेवढेच, मग लक्षात आलं की उन्हाळा सुरू झाला होता आणि पंखे दिवसभर चालू होते. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघितलं तेव्हा तीसेक युनिटचा फरक दिसला, वहीशी जुळणारा.

जिन्यातल्या बल्बला आता साडेतीन वर्षं झाली. अंगावरची तारीख खालून वाचता येत नाही इतका तो उंच आहे, पण वहीत आहे. राखून ठेवलेला दुसरा बल्ब अजून खोक्यातच पडून आहे आणि बाबांचं ते स्टूल आम्ही बाल्कनीत कुंडी ठेवायला घेतलंय.